ओठांचे मूल्यमापन आणि त्वचारोगशास्त्राची परिमाणे : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

संस्कृत काव्यपरंपरेने ओठांना पिकल्या तोंडल्याची उपमा दिली, तर सुश्रुतसंहितेने ओष्ठरोगांचे आठ प्रकार सांगितले. रूप कवीकडे आणि व्याधी वैद्याकडे, अशी ही वाटणी होती. आधुनिक त्वचारोगशास्त्राने दोन्ही बाजू आपल्या कक्षेत घेतल्या. मात्र त्यासाठी घडविलेली परिमाणे बीडसारख्या जिल्ह्यातील रुग्णाच्या ओठांपर्यंत कितपत पोहोचतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ओठांच्या भरीवपणाची पाच श्रेणींची छायाचित्राधारित मोजपट्टी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ओठ भरण्यासाठी टोचल्या जाणाऱ्या फिलरला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये प्रथम मान्यता दिली. अशा उपचाराचा परिणाम मोजण्यासाठी ही पट्टी उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु ती एकच प्रश्न विचारते : ओठ किती भरीव? रंग, भेगा, व्रण, हालचाल यांना तिच्यात स्थान नाही. 'ओठांचे मूल्यमापन' म्हणजे हीच पट्टी, असे समजले जाऊ लागते तेव्हा ही मर्यादा दोष ठरते.

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजली जाते. कारखान्याचा गाळप हंगाम संपेपर्यंत त्यांचा दिवस उन्हात व पाचटात जातो. ओठांच्या लाल भागावरील आवरण पातळ असते, रंगद्रव्य कमी असते आणि तेथे घामाच्या ग्रंथी नसतात. त्यामुळे ऊन आणि कोरडी हवा यांचा मारा प्रथम ओठांवर, विशेषतः खालच्या ओठावर होतो. त्यात मिश्री आणि गुटखा यांची भर पडते. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, व्यसन मात्र गेले नाही. सुपारी-गुटख्यामुळे तोंडातील अस्तर ताठर होते तेव्हा आधी तिखट सोसेनासे होते, मग ओठ कडक होतात आणि तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत. हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजले जाते. वस्तुतः हसणे आक्रसणे हाही रूपाचाच प्रश्न. पण त्याची नोंद दंतविभागाच्या वहीत होते, सौंदर्याच्या पट्टीवर नाही.

सर्वांत बोलके उदाहरण ओठांवरील कोडाचे आहे. कोडाची व्याप्ती मोजणारा 'वासी' हा निर्देशांक २००४ मध्ये मांडला गेला. रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे १ टक्का, हे त्याचे एकक. या हिशेबाने ओठांवरचा डाग जवळजवळ शून्य ठरतो. चेहऱ्यासाठी स्वतंत्र मोजणी आली, तरी रुक्सोलिटिनिब मलमाच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत चेहऱ्याच्या व्याख्येत नाक व पापण्या होत्या, ओठ नव्हते. याला शास्त्रीय आधार देता येईल. नवा रंग मुख्यतः केसांच्या मुळांतील रंगपेशींकडून येतो आणि ओठांच्या लाल भागावर केस नसतात. म्हणून तेथे मलमाला यश कमी. औषधाच्या चाचणीपुरता हा युक्तिवाद ग्राह्य आहे. परंतु ज्या मुलीचे लग्न याच डागावर अडते, तिचे ओठ चेहऱ्याबाहेर कसे ठेवणार? समोर बसलेल्या पाहुण्यांची नजर नेमकी तेथेच जाते.

जीवनमानाची प्रश्नावली ही उणीव भरून काढील, अशी अपेक्षा असते. १९९४ पासून वापरात असलेल्या 'डीएलक्यूआय'मध्ये दहा प्रश्न आहेत. ते गेल्या आठवड्याविषयी विचारतात. खरेदी, घरकाम, बागकाम, खेळ यांची चौकशी करतात. जुळता जुळता मोडलेल्या सोयरिकीला त्यात रकाना नाही. (बागकामाचा प्रश्न कोयता हाती असणाऱ्या बाईला कसा विचारावा, हे वेगळेच.)

कोड स्थिर असेल तर ओठांवर त्वचारोपण करता येते. मात्र ते स्थिर आहे, हे ठरविण्यासाठी साधारण वर्षभराची नोंद लागते. दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा तपासावा लागतो, तेथेही पुन्हा भेट गृहीत धरलेली असते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात दाखवून तोडणीला गेलेला रुग्ण 'पंधरा दिवसांनी या' या सूचनेनुसार परत येईल तो हंगाम संपल्यावर. तोवर ओठांचे एक रंगीत छायाचित्र, तोंड उघडण्याचे माप आणि व्रण प्रथम दिसल्याची तारीख एवढे जरी त्याच्याजवळच्या कागदावर असले, तरी सांगली-कोल्हापूरकडच्या डॉक्टरला तुलना करता येईल.