केसपेपरवरचा रकाना आणि १८९४चा अहवाल

गांजा कायदेशीर करावा का, हा विषय निघाला की आमच्या परतवाड्यात चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास येतं: "इंग्रजायनंच सांगतलं होतं ना भाऊ, गांजानं काई होत नाही म्हून!"

या वाक्यामागे खरा दस्तऐवज आहे. १८९३ साली नेमलेलं इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. सात सदस्य, १,१९३ साक्षीदार, अनेक खंडांचा अहवाल. आपल्याकडून मेळघाट ओलांडून धारणीच्या पुढे गेलं की खंडवा. मध्य प्रांतातली गांजाची शेती तेव्हा तिकडे होती, तीही या अहवालात आहे. आयोग म्हणतो, बेताने घेणाऱ्याला सहसा अपाय नाही, अति घेणाऱ्याला होऊ शकतो; बंदी नको, कर लावा, नियंत्रण ठेवा. टपरीवर मधला भाग गळतो.

मला त्यातलं वेड्यांच्या इस्पितळांचं प्रकरण जास्त मोलाचं वाटतं. १८९२ मध्ये भरती झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा, भांग, चरस लिहिलेलं होतं. आयोगाने एकेक केस उकरली. कारण पुष्कळदा पोलिसांच्या कागदावरून जसंच्या तसं उतरवलेलं निघालं. शेवटी उरले ९८.

इथे माझी तक्रार आहे. हे ९८ सुद्धा मागाहून केलेल्या विचारपूशीवरच ठरले. शिवाय तुलनेचा गटच नाही: गांजा ओढूनही ठणठणीत राहिलेले किती? त्यामुळे हा आकडा ना बंदीवाल्यांच्या कामाचा, ना समर्थकांच्या. नोंदी कच्च्या होत्या, एवढंच त्यातून कळतं.

तुलना झाली ती फार नंतर. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त युरोप आणि ब्राझीलमधला अभ्यास आला. १० टक्के किंवा जास्त टीएचसी (नशा आणणारं रसायन) असलेला माल रोज ओढणाऱ्यांत, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत सायकोसिसची शक्यता जवळपास पाचपट दिसली. आधी आजार की आधी गांजा, हा पेच तिथेही पुरता सुटत नाही. पण प्रश्न निदान नीट विचारलाय: किती कडक, आणि कितीदा?

आपला १९८५चा एनडीपीएस कायदा हे विचारत नाही. तो वजन करतो. एक किलोहून कमी ते अल्प प्रमाण, वीस किलोंहून जास्त ते व्यावसायिक, त्याला किमान दहा वर्षं. नुसती पानं गांजाच्या व्याख्येत नाहीत, म्हणून भांग सुटते. टीएचसी किती, याचा शिक्षेशी संबंध नाही. आणि कायदेशीर करा म्हणणारेही याबद्दल गप्पच असतात, हे मला जास्त खटकतं.

एका मित्राच्या धाकट्या भावाला तीन वर्षांपूर्वी भरती केलं होतं. केसपेपरवर कारण: गांजा. सांगितलं होतं काकांनी. तो ओढायचा, खरंय. पण त्याच्या सहा महिने आधीपासून त्याला रात्री झोप येत नव्हती, हे फक्त आईला माहीत होतं. आणि तिला कोणी विचारलंच नाही.