हातपंपाचे पाणी आणि एक पुस्तक

अँड्र्यू मेहार्ग यांचे ‘व्हेनमस अर्थ’ हे पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झाले. लेखक भातातील आर्सेनिकवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ आहेत. पूर्वी भिंतीला चिकटवायच्या कागदांच्या हिरव्या रंगात आर्सेनिक असे. अशा कागदांचे नामवंत रचनाकार विल्यम मॉरिस यांची कौटुंबिक श्रीमंतीही तांबे व आर्सेनिक देणाऱ्या डेव्हनमधील खाणीतून आलेली! ही हकीकत रसायनशास्त्राच्या तासाला अवश्य सांगावी.

पुस्तकाचे खरे वजन मात्र बंगालच्या प्रकरणांत आहे. अतिसार टळावा म्हणून तळ्याचे पाणी सोडून कूपनलिका खोदल्या गेल्या. जंतूंची काळजी घेतली, आर्सेनिक कोणी तपासले नाही. तळवे-तळपायांवर खरखरीत गाठी, अंगावर ठिपके असलेले रुग्ण कोलकात्याच्या डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्यापुढे १९८३ मध्ये आले. पुढे त्वचा, मूत्राशय, फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका असतोच. असे असता ही विषबाधा आर्सेनिकने घडवली, असे उपशीर्षकाने सांगावे, हे मला खटकते. आर्सेनिक जमिनीत होतेच. न तपासता पंप बसवण्याचा निर्णय माणसांचा.

दुसरी अडचण आपल्या बाजूची. पुस्तकाचा भर नदीच्या गाळावर आहे. तेवढेच वाचून नागपूरचा शिक्षक ‘आपल्याकडे खडक, म्हणजे काळजी नाही’ असे म्हणेल. पण गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यातील कौरीकसा परिसरात आर्सेनिकबाधित लोक आढळल्याचे १९९९ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तिथे गाळ नाही, ग्रॅनाइट-रायोलाइटसारखे प्राचीन खडक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. एवढ्याने पाण्याचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. ‘पाणी उकळून प्या’ असे शिकवताना हे सांगितले जाते का?

भाताविषयी मात्र पुस्तक जुने झाले आहे. पाणी साचलेल्या बांधीत प्राणवायू संपला की मातीतील लोहसंयुगांना चिकटलेले आर्सेनिक सुटते. भाताची मुळे ते सिलिकॉनच्याच वाटेने आत घेतात, हे २००८ मध्ये उघड झाले. तांदूळ भरपूर स्वच्छ पाण्यात शिजवून पेज ओतून दिली तर आर्सेनिक कमी होते (काही जीवनसत्त्वेही जातात, हा तोटा). शिजवायचे पाणीच दूषित असेल, तर भातात भरच पडते.