नगरच्या मिशनरींचीं आत्मनिवेदनें : साधन म्हणून एक परीक्षण

परदेशीं धर्मसेवेस गेलेल्या माणसानें तेथें आपणांस कोणता आध्यात्मिक लाभ झाला हें लिहून ठेवण्याचा प्रघात ख्रिस्ती वाङ्मयांत जुना आहे. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, इतिहासाचीं साधनें जमविणारास हें वाङ्मय टाळतां येत नाहीं. इ. स. १८३१ च्या अखेरीस ग्रेव्ह्ज, हर्वे व रीड हे तीन अमेरिकन पाद्री नगरास येऊन राहिले. तेव्हांपासून या शहरांतून परदेशीं पत्रें व अहवाल सारखे जात राहिले, आणि मागाहून त्यांतूनच ग्रंथ झाले. हे ग्रंथ भाविक लोक पूज्य मानतात व संग्राहक त्यांस प्रवासवर्णनांच्या कपाटांत घालतात. तपासून मात्र कोणीच पाहत नाहीं. त्यांतील तिघांच्या लेखनाचा येथें विचार करितों.

कसोटी नवी नको. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडांत बखरींची जी झडती घेतली, तीच पद्धत येथें लागू पडते. लेखक प्रसंगापासून किती वर्षें दूर आहे, तो कोणासाठीं लिहितो व समकालीन कागद त्यास दुजोरा देतो कीं नाहीं, हें पाहावयाचें. या वाङ्मयापुरता आणखी एक प्रश्न आम्ही जोडतों. गुरु होण्यास आलेला माणूस आपण शिष्य झालों असें जेव्हां सांगतो, तेव्हां तो गुरूचें नांव सांगतो काय?

रीड यांचा ‘द ख्रिश्चन ब्राह्मण’ हा दोन भागांचा ग्रंथ न्यूयॉर्क येथें १८३६ सालीं निघाला. त्यांत गुरूचें नांव आहे : या पाद्र्यांबरोबर नगरास आलेला बाबाजी हा ब्राह्मण. हर्वे १८३२ सालीं पटकीनें वारले व पुढच्याच वर्षीं बाबाजीही गेला. ग्रंथ प्रसंगाच्या अगदीं जवळचा आहे ही त्याची मोठी जमेची बाजू. परंतु तो अमेरिकेंतील धर्मबंधूंसाठीं लिहिलेला आहे, आणि बाबाजीचें लेखन त्यांत इंग्रजी वेष घालून येतें. नगरांतल्या त्या काळच्या मराठी गद्याचा नमुना म्हणून ज्यास त्याचा उपयोग करावयाचा असेल त्यानें हें विसरूं नये.

डॉ. रॉबर्ट ह्यूम यांची गोष्ट वेगळी. ते मुंबईंतच १८४७ सालीं जन्मले, १८७४ सालीं नगरास आले व १८७८ सालीं त्यांनीं तेथें ईश्वरज्ञानाची शाळा काढली. १८८६ सालीं रजेवर स्वदेशीं असतांना, ज्यांच्या कानीं ख्रिस्ताचें नांव हयातींत पडलेंच नाहीं त्यांस मरणोत्तर संधि असावी, या मताकडे त्यांनीं आपला कल दाखविला. तेवढ्यावरून त्यांच्या बोर्डानें त्यांस परत पाठविण्यास कांहीं काळ अडवून धरलें. हें मत अमेरिकेंतल्या पंडितांचें होतें खरें. परंतु ज्याचे शेजारी त्याच वर्गांतले होते त्यास तें अधिक जवळचें वाटलें असावें, असा आमचा तर्क आहे. पुढें १९०५ सालच्या ‘मिशन्स फ्रॉम द मॉडर्न व्ह्यू’ या पुस्तकांत, पूर्वेच्या संपर्कानें ख्रिस्ती धर्मासही कांहीं मिळावयाचें आहे, असें त्यांनीं उघड प्रतिपादिलें. विचार उदार, मांडणी स्वच्छ. पण या युक्तिवादांत गुरूच्या आसनावर बसते ती ‘पूर्व’. आणि पूर्व ही दिशा आहे, माणूस नव्हे.

तिसरे जे. सी. विन्स्लो. त्यांच्याविषयीं अधिक लिहिणें भाग आहे, कारण त्यांच्या बाबतींत तपासणीस पुरेसे कागद आहेत. हे इंग्लंडच्या एस. पी. जी. मिशनचे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ते नगरास शिक्षणाच्या कामावर होते. बंगला, टेबल-खुर्ची व साहेबी राहणी यांमुळें सेवक आणि सेव्य यांच्यामध्यें भिंत उभी राहते, ही गोष्ट त्यांच्या मनास लागली. १९२२ सालीं नगर येथेंच त्यांनीं ख्रिस्तसेवासंघ स्थापिला : खादी, देशी जेवण, जमिनीवर बैठक, हिंदी व युरोपियन यांचें एकत्र राहणें. १९२७ सालीं संघाचें ठिकाण पुण्यास गेलें व १९३४ सालीं विन्स्लो स्वदेशीं परतले. त्यांच्या आठवणींचा ग्रंथ ‘द आयलिड्स ऑफ द डॉन’ हा निघाला १९५४ सालीं.

संघस्थापनेनंतर बत्तीस वर्षें आणि स्वातंत्र्यानंतर सात! ज्यास शेवट ठाऊक आहे त्याच्या आठवणींत दूरदृष्टि आपोआप शिरते. एवढ्यावरून ग्रंथ बाजूस सारावा, असें एखादा कडक संशोधक म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. विन्स्लो यांनीं व्हेरिअर एल्विन यांच्यासह ‘द डॉन ऑफ इंडियन फ्रीडम’ हें पुस्तक १९३१ सालीं, म्हणजे राज्य इंग्रजांचें असतांनाच, प्रसिद्ध केलें. आणि हिंदी चर्चला स्वतःची उपासनापद्धति हवी ही मागणी तर १९२० सालच्या पुस्तकांत आहे. वृद्धपणींच्या आठवणीस तरुणपणींच्या छापील मजकुराचा असा आधार मिळाल्यावर तिच्यावर पश्चातबुद्धीचा आरोप टिकत नाहीं. तपशिलाच्या बाबतींत मात्र १९५४ पेक्षां १९२३ चा विन्स्लो आम्ही पुढें बसवूं.

कारण १९२३ सालीं त्यांनीं गुरूचें चरित्रच लिहिलें. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, नगरास अमेरिकन मिशनमध्यें बरींच वर्षें काम केलें, १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला व १९१९ सालीं ते वारले. त्यानंतर चारच वर्षांनीं, आणि तेंही दुसऱ्या पंथाच्या इंग्रज पाद्र्यानें, हें चरित्र प्रसिद्ध करावें, हीच शिष्यत्वाची कबुली. भक्तीची देशी वाट व संन्यस्त वृत्ति हे दोन्ही धडे येथें एका मराठी माणसाच्या नांवावर जमा आहेत. ह्यूम यांच्यापेक्षां या पुस्तकाची योग्यता आम्ही अधिक मानतों ती याचसाठीं.

परंतु शिष्यानें लिहिलेल्या चरित्राचा दोष त्यांतही आहेच. त्यास उतारा घरांतच आहे. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालीं. तोही आठवणींचाच ग्रंथ व प्रसंगांपासून दूरचा. तरी तो कोणत्याही बोर्डास खूष करण्यासाठीं लिहिलेला नाहीं. शिष्यास जो त्याग दिसला, त्याची घरांतली बाजू येथें वाचावयास मिळते. हातांत आलेला पैसा टिकत नाहीं, रागाचा झटका येतो, बिऱ्हाड एकाएकीं हलतें, आणि निस्तरावें लागतें लक्ष्मीबाईंस. परदेशी सेवकानें अपरिग्रहाचा जो धडा घेतला त्याची फी या बाईनें भरली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचल्याशिवाय टिळकांवर व विन्स्लोंवरही लिहूं नये.

आतां कागदांविषयीं. अमेरिकन बोर्डाचें दफ्तर हार्वर्डच्या हौटन ग्रंथालयांत व एस. पी. जी. चें ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत सांभाळलेलें आहे. म्हणजे शिष्यांची बाजू सुरक्षित आहे. गुरूंची बाजू मराठींत, आणि ती घरोघर विखुरलेली : उपदेशकांच्या रोजनिशा, ख्रिस्ती कीर्तनांचीं बाडें, मंडळ्यांचीं नोंदपुस्तकें. नगर, राहुरी या बाजूस जुनीं ख्रिस्ती घराणीं आहेत. संग्राहक पेशवाई रुमालांसाठीं वाडे धुंडाळतात. त्यांनीं या घरांचेही माळे पाहावेत, व मिळेल तें नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणीं पोंचतें करावें. १८४२ सालीं नगरास सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ १९१२ पासून अखेरपर्यंत टिळकांच्या हातांत होता. त्या सात-आठ वर्षांच्या अंकांशीं १९२३ च्या चरित्राचें एकेक प्रकरण ताडून पाहणें हें काम आधीं व्हावें. एका माणसास त्यास दोन पावसाळे पुरतील.