चौदा आठी बारोदरसे

हैदराबादच्या सुलतान बाजारातले एक म्हातारे दुकानदार. शिक्षण विवेकवर्धिनी या मराठी शाळेत. गिऱ्हाइकाशी दखनी, नोकराशी तेलुगू. हिशेब मात्र ओठांतल्या ओठांत मराठीत. चौदा रुपये मीटरची लेस, आठ मीटर. ‘चौदा आठी बारोदरसे,’ ते पुटपुटतात आणि मोठ्याने सांगतात, ‘एक सौ बारा.’

ही ओळ कवितेसारखी वाचून पाहावी. क्रियापद नाही, ‘गुणिले’ नाही. ‘आठी’ हे रूप पाढ्याबाहेर क्वचितच भेटतं. आणि ‘बारोदरसे’ म्हणजे द्वादशोत्तरशत झिजून उरलेलं रूप: शंभरावर बारा. बोलताना आपण ‘एकशे बारा’ म्हणतो, शंभर आधी. तेलुगूतही ‘नूट पन्नेंडु’. अठ्ठ्याण्णवपर्यंत रोजच्या कपड्यांत आलेला चौदाचा पाढा शंभरी ओलांडताच जुना फेटा बांधतो: बारोदरसे, सव्वीसासे, चाळासे. त्याची गोडी मला इथेच लागते.

हे सगळं राहतं कुठे? मेंदूत पाढ्यांचा कप्पा नाही. चेतापेशी एकमेकींना जिथे भिडतात, ते सांधे वापराने बळकट होतात. ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये सशाच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे दाखवलं: विजेच्या छोट्या झटक्यांनंतर सांध्यांचा प्रतिसाद कित्येक तास वाढलेला राहिला. पाढा घोकताना असेच सांधे पक्के होत असणार, आणि एक कडी पुढचीला ओढत असणार. म्हणून तर ‘चौदा आठी?’ असं अचानक विचारलं, की पुष्कळजण मनात ‘चौदा साती’पासून चाल धरतात.

पाढ्याला कविता म्हणणं ही माझी एकट्याची लहर नव्हे. देहान आणि कोहेन या मेंदू-संशोधकांनी 1997 मध्ये दोन रुग्णांची हकिगत मांडली. एकाच्या डाव्या मेंदूत खोलवर इजा झाली होती. पाढे गेले, आणि पाठ केलेल्या इतर गोष्टीही. संख्येचं लहानमोठेपण मात्र कळत होतं. दुसऱ्याचं नेमकं उलट: घोकलेलं शाबूत, संख्येची समज डळमळीत. थोडक्यात, मेंदूच्या लेखी पाढा गणितापेक्षा पाठांतराच्या पंगतीत बसतो. घोकंपट्टीला नाकं मुरडणाऱ्यांनी (मीही त्यातलाच होतो) हे ध्यानात घ्यावं.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर त्यांच्याकडून चौदाचा पाढा एकदा म्हणवून घ्या. अठ्ठ्याण्णवनंतर कान द्या.