नेवाशाचें टेकाड आणि नेवाशाचा खांब

नेवासें हें नांव उच्चारतांच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें एक दगडी खांब उभा राहतो. इ. स. १२९० सालीं, म्हणजे शके १२१२ मध्यें, याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका सांगितली, अशी परंपरा आहे. त्याच गांवांत लाडमोड नांवाचें एक टेकाडही आहे. तें आवर्जून पाहणारे थोडेच. १९५४ ते १९५६ या काळांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं तेथें उत्खनन केलें, आणि सांकलिया, देव, अन्सारी व एऱ्हार्ट यांनीं लिहिलेला त्याचा इंग्रजी वृत्तांत १९६० सालीं प्रसिद्ध झाला. नेवाशाविषयीं लिहूं इच्छिणारानें हा ग्रंथ आधीं वाचावा. मात्र तो कसा वाचावा, याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य वाटतें.

ग्रंथाचें नांवच 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' अशा अर्थाचें आहे. खोदणाराचा क्रम तोच असावयाचा. कुदळीला अलीकडचें आधीं लागतें. गांव मात्र उलट क्रमानें घडलें, म्हणून वाचकानें नदीपासून आरंभ करावा. सह्याद्रींत रतनगडाजवळ उगम पावून प्रवरा पूर्वेकडे वाहते आणि नेवाशापलीकडे गोदावरीस मिळते. तिच्या तुटलेल्या कांठांत तळाशीं गोट्यांचे थर आहेत, व त्यांत अश्मयुगीन मनुष्याचीं दगडी हत्यारें सांपडलीं. परंतु तो मनुष्य येथें शिकारीसाठीं फिरला; त्यानें गांव वसविलें नाहीं. घर बांधून राहणारे लोक इ. स. पूर्वीं सुमारे १५०० च्या सुमारास आले. काळी जमीन, बारमास पाणी आणि उंच कांठ, एवढें त्यांना पुरेसें होतें. तांबडीं, काळ्या रेघांचीं भांडीं ते वापरीत. मूल दगावलें तर दोन रांजण तोंडास तोंड लावून त्यांत तें घराच्याच जमिनीखालीं पुरीत. एका बालकाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ होती. ग्रंथांतील सर्व कोष्टकें विसरलीं तरी ही माळ विसरत नाहीं.

पुढें कित्येक शतकें टेकाड ओस पडलें. सातवाहनकाळीं तें पुन्हा गजबजलें. रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे त्या व्यापाराची साक्ष देतात. इ. स. २०० च्या सुमारास वस्ती पुन्हा तुटली, ती मुसलमानी अमदानींतच परत दिसते.

येथेंच वाचकानें सावध असावें. ज्या काळीं मराठीचा हा श्रेष्ठ ग्रंथ नेवाशांत सिद्ध झाला, त्या काळाविषयीं टेकाड मूक आहे! म्हणून का नेवासें तेव्हां निर्जन होतें? खांबच याचें उत्तर देतो. करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठीं दिलेल्या दानाचा लेख त्यावर कोरलेला आहे. जेथें नित्य दिवा जळतो व त्याच्या तेलाची तजवीज होते, तेथें देऊळ आहे, दाते आहेत, गांव आहे. गांव नाहींसें झालें नव्हतें. तें टेकाडावरून हललें होतें. नदीकांठचीं गांवें अशींच जागा बदलीत जगतात. टेकाड म्हणजेच गांव, असें समजणें ही शास्त्राची नव्हे, तर उतावळ्या वाचकाची चूक होय.

उलट आमच्या स्थलमाहात्म्यांचा दोष याहून मोठा आहे. मोहिनीनें येथें अमृत वांटलें, येथें कुबेराचा निधि होता, म्हणून हें निधिवास, एवढें सांगून तीं कृतार्थ होतात. त्यांत श्रद्धा आहे, पण त्या माळेच्या आईला जागा नाहीं. दुर्गाबाई भागवतांनीं १९७० सालच्या आपल्या लेखसंग्रहास 'पैस' हें या खांबाचें नांव दिलें. मराठी साहित्यानें खांबाचें ऋण असें मानलें. टेकाडाचें ऋण तितक्याच आदरानें मानणारें, शाळेंतील मुलाच्याही हातीं देतां येईल असें मराठी पुस्तक कोणी लिहील, तर नेवाशाचा इतिहास प्रथमच सलग होईल. खांबाला नमस्कार करणाऱ्यानें परततांना टेकाडाकडे एकवार पाहिलें, तरी त्या पुस्तकाचा आरंभ झाला असें आम्ही समजूं.