मराठी अरण्यलेखन आणि वाचकाचे स्थान

विचुंबे हे गाव पनवेलनजीक गाढी नदीच्या काठी वसलेले आहे. त्याच्या पूर्वेस प्रबळ-माथेरानचे डोंगर, तर दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका. अशा ठिकाणच्या वाचकाने व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' (१९७९) हाती घेतले, तर त्यातील कोणता रस त्यास भावेल, हा प्रश्न आपल्या समीक्षेने क्वचितच विचारला आहे. अरण्याची ओढ ही लेखकाच्या स्वभावाची बाब मानून ती मोकळी होते. वस्तुतः ही ओढ बव्हंशी स्थानसापेक्ष असते.

माडगूळकर माणदेशचे. उघड्या माळाच्या व अवर्षणाच्या मुलखात वाढलेल्या या लेखकास विदर्भातील पाणवठा आणि त्यावर येणारी जनावरे यांचे अप्रूप वाटावे, हे स्वाभाविकच होय. तेथे मुक्काम करून निमूटपणे पाहत राहणे, हाच या पुस्तकातील आनंद. गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा'ची (१९५८) गोष्ट निराळी. बुधा मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरात परततो. एकांत हे मूल्य दोन्ही कृतींत आहे; परंतु माडगूळकरांचा एकांत पाहुण्याचा, तर बुधाचा घरी आलेल्याचा. 'निसर्गप्रेम' या एकाच शब्दाने दोहोंची बोळवण करणे अन्यायाचे आहे.

एकांताच्या या प्रतिष्ठेमुळे एक जुनी अभिरुची मात्र झाकली गेली. कार्तिकात आवळीखाली पंगत मांडण्याची आपली रीत आहे. तीत रान हवे ते सोबतीसाठी. १९६८ साली अभयारण्य झालेल्या कर्नाळ्यास पनवेल-मुंबईची कुटुंबे जातात, तीही बहुधा याच वृत्तीने. तिला नुसती 'सहल' म्हणून नाक मुरडणारे (त्यांत पक्षिनिरीक्षक आघाडीवर) गोंगाटाविषयी खरे बोलतात, पण तिच्यातील रस ओळखत नाहीत. आणि ज्या कातकरी-ठाकरांना रान म्हणजे मोळी, कंद व मध, त्यांचा रानातील विरंगुळा आपल्या ललित गद्यात अभावानेच उमटला आहे.

दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) या बाबतीत अधिक उदार वाटते. मराठी महिन्यांच्या क्रमाने चाललेले हे लेखन आनंदासाठी दूरच्या अरण्याची अट घालीत नाही. दाराशी आलेला ऋतूही त्यास पुरतो. विचुंब्याच्या वाचकास ते म्हणूनच अधिक जवळचे ठरावे. कर्नाळ्याचे अभयारण्य अवघे बारा चौरस किलोमीटरांचे, आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातून जातो. दूरच्या निबिड वनालाच वन मानणाऱ्या अभिरुचीस असले रान मोजण्याजोगे वाटत नाही, आणि रस्त्यापायी त्यातील झाडे पडली तरी तिला चुटपुट लागत नाही.