पाडव्याचा चंद्र आणि डच घुमट

कोजागिरीचे आटीव दूध पिऊन मंडळी अंथरुणाला पाठ टेकली की आपल्याकडे शरदाचा उत्सव संपतो. सुरतेत तो दुसऱ्या रात्री भरास येतो. त्या दिवसास तेथे चांदी पाडवा म्हणतात. घारी आणि भुसूं घेऊन अवघे शहर गच्चीवर, नाहीतर तापीकाठी बसते. अशाच एका पाडव्यास घेतलेले म्हणून एक छायाचित्र आमच्यापुढे आले. आमच्या मंडळाच्या कोजागिरी स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर ते छापावयाचे होते, आणि छायाचित्रकार आमच्याच आप्तांपैकी एक तरुण होता. कतारगाम दरवाज्याजवळच्या डच दफनभूमीतील मोठा घुमट काळ्या छायाकृतीत उभा, आणि त्याच्या मागे घुमटाएवढाच पूर्ण चंद्र! प्रथमदर्शनी चित्र मोहक आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि आमचा पेशा साक्षीदार तपासण्याचा, आणि चंद्र हा फार कडक साक्षीदार आहे.

चंद्रबिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापते. म्हणजे कोणतीही वस्तू स्वतःच्या रुंदीच्या सुमारे ११० पट अंतरावरून पाहिली, तरच ती चंद्राएवढी दिसते. घुमट पाच मीटर रुंद धरला तरी कॅमेरा अर्ध्या किलोमीटरहून दूर हवा. कतारगामच्या दाट वस्तीत एवढ्या अंतरावरून तो घुमट दिसणे दुरापास्त. आणि चित्रात तर सज्ज्याचे खांब पंचेचाळीस मीटरांवरून दिसावेत तसे दिसतात. तेवढ्या अंतरावर खरा चंद्र घुमटावर हातभर रुंदीचाही भरला नसता. चंद्र निराळा घेऊन नंतर चिकटविला आहे, हे उघड आहे. पूर्वी हे एकाच फिल्मवर दोनदा प्रकाश पाडून करीत; आता संगणक करतो.

तरुणाने आरोप नाकारला नाही. “काका, उगवता चंद्र डोळ्यांना मोठाच दिसतो ना? मी डोळ्यांना दिसते तेच दाखविले,” एवढेच तो म्हणाला. बचाव पोरकट नाही. क्षितिजावरील चंद्र मोठा भासतो, हा मनुष्यमात्राचा अनुभव आहे. हात लांब करून नाणे धरले की तो भास आहे हे कळते. परंतु या भासाला न्याय देण्याचा सरळ मार्ग छायाचित्रकाराजवळ आहे: मागे सरावे, लांब पल्ल्याचे भिंग लावावे. मागे सरल्याने घुमट लहान होतो, चंद्र होत नाही. कष्ट पायांचे आहेत, इतकेच.

येथे अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या ‘मूनराइज, हर्नान्डेझ, न्यू मेक्सिको’ या चित्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. रस्त्याने जाताना त्यांना एक खेडे, त्याच्या दफनभूमीतले शुभ्र क्रूस आणि वर चंद्र दिसला. प्रकाशमापक हाती लागेना. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटास २५० कँडल, हे पाठ होते, त्यावरून त्यांनी प्रकाशन ठरविले. दुसरे चित्र घेण्यापूर्वीच क्रूसांवरचे ऊन सरले. पुढे अ‍ॅडम्स यांनीही ढवळाढवळ केली. मूळ निगेटिव्हवर रसायनांचा प्रयोग केला, छापताना आकाश उत्तरोत्तर काळे केले, ढग पुसट केले. मग दोष आमच्या तरुणालाच का? कारण अ‍ॅडम्स यांनी चंद्र जागचा हलविला नाही. चित्राचे साल ते स्वतः निरनिराळे सांगत. पण १९९१ साली खगोलशास्त्रीय गणिताने चंद्राच्या स्थानावरूनच तारीख निघाली, आणि तपासणीअंती १ नोव्हेंबर १९४१ ही निश्चित झाली. कर्त्याची स्मृती चुकली, पण चित्राची चुकली नाही. वकिलाला याहून अधिक काय हवे? १८५८ साली अब्राहम लिंकन यांनी खुनाच्या एका खटल्यात पंचांग पुढे करून चांदण्यात सर्व पाहिल्याचा दावा करणारा साक्षीदार असाच खोटा पाडला होता.

परंतु आमची खरी तक्रार चंद्राविषयी नाही, छायाकृतीविषयी आहे. चंद्र हा उन्हात तळपणारा खडक. त्याच्या मापाने प्रकाशन केले की रात्रीची भूमी काळीच येणार. ही कॅमेऱ्याची मर्यादा आहे, आणि कुशल हातात तिचे सौंदर्यही होते. मात्र काळोख्या आकृतीत कोणताही घुमट कोणाचाही होतो. हा घुमट हेंड्रिक व्हान रीड यांच्या थडग्यावरचा आहे. १६९१ साली सुरतेकडे येताना समुद्रावर त्यांना मृत्यू आला. त्यांनी सिद्ध केलेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथात मलबारच्या वनस्पतींचे वर्णन आहे, आणि त्याच्या पहिल्या खंडात, १६७८ साली, रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तिघा कोंकणी ब्राह्मणांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोंकणी भाषेत छापलेले आहे. ज्या नियतकालिकाची पाने मराठी व कोंकणी या दोन्ही भाषांनी भरतात, त्याच्या वाचकांस या घुमटाशी आपले नाते आहे हे कळावयास नको काय? चित्राखाली केवळ ‘शरदाची रात्र’ असे लिहिले होते.

आम्ही त्या तरुणास सुचविले की, पौर्णिमेच्या आदल्या सायंकाळी चंद्र सूर्यास्तापूर्वीच पूर्वेस वर येतो. त्या वेळी पश्चिमेचे ऊन घुमटावर असते आणि एकाच प्रकाशनात दोघेही मावतात. अनंत चतुर्दशीस तो गेला. विसर्जनाच्या मिरवणुकांमुळे वाट अडली, पोचेतो ऊन वरच्या कडेवर उरले होते, ढगही होते. एकच चित्र साधले. चंद्र तांदळाच्या दाण्याएवढा, किंचित अपुरा, घुमटाच्या उजव्या अंगास. खांबांमधला चुना काही ठिकाणी उडालेला स्पष्ट दिसतो. मंडळातील बहुतेकांस पहिलेच चित्र अधिक आवडते. मुखपृष्ठावर कोणते जावयाचे, हे आम्ही लिहीत असता अद्याप ठरलेले नाही.